चष्मा घातलेली नारबोद

पोळ्याच्या आधीच कवडू मेंढेच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, तुडतुडा शिरला. धान पोटरीत आलेला, वरून पाहिलं तर दृष्ट लागावी असा. पण वाकून बुडाशी हात घातला की बारीक बारीक किडे चहूकडे उड्या मारत. पाणी काढून टाकायचं, धान दोन्हीकडे फाकवायचा आणि बुडाशी फवारा मारत जायचं, एवढाच उपाय. पंप पाठीवर घेऊन चिखलातून चालायला एक माणूस पुरतं, पण पंपात घालायचं पाणी कालव्यावरून आणून देणारं दुसरं माणूस लागतंच. देवकाबाई, कवडूची बायको, शकुंतलाबाईच्या मजूर बायकांच्या टोळीत निंदणावर जायची. थोरली पोरगी लग्न होऊन कामठ्याला गेलेली. राहता राहिली आचल, नववीतली. रविवारी ती दिवसभर बादल्या वाहायची, आणि कीड काही रविवार पाहून येत नाही.

हे सगळं घरात अंगवळणी पडलेलं होतं. रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांतही आचल शाळेत गेली नव्हती. पाऊस उशिरा आला, सगळ्या गावाची रोवणी एकदम निघाली, माणसं मिळेनात, म्हणून कवडूनं तिला घरी ठेवली. रोवणी झाली की जाशील, असं तो म्हणाला आणि ती काही बोलली नाही. पोरगी बोलत नाही म्हणजे तिला चालतं, असं बापाला वाटतं. आईला तसं वाटत नाही, पण आईला विचारतो कोण.

गाव म्हणजे गोंदियाकडचा पिंपळटोला, बोदलकशाच्या तलावाखाली, कालव्याच्या काठावर. या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नारबोद निघते. पळसाच्या फांद्या, धानाचं वाळलेलं तणीस, फुटकं सूप, झिजलेला खराटा असलं काहीबाही बांधून एक बाई उभी करायची आणि तिला वाजतगाजत शिवेवर न्यायचं. वाटेत ज्याला ज्याचा त्रास असेल त्यानं त्याचं नाव घेऊन ओरडायचं, की हे घेऊन जा गे नारबोद. कोणी खोकला देतं, कोणी माश्या देतं, कोणी ढेकूण देतं. शिवेवर तिला पेटवून सगळे घरी येतात आणि वर्षभराची कटकट गेली असं समजून चहा पितात. ती जात नाही ही गोष्ट वेगळी.

गावची नारबोद कवडू बनवायचा. त्याच्या आधी त्याचा बाप बनवायचा. कवडूच्या दुसऱ्या कुठल्या कामाचं गावात कोणी नाव काढत नाही. शेत बेताचं, बोलणं बेताचं, ग्रामसभेत तो मागं उभा राहणारा. पण त्याच्या हातची नारबोद पाहायला माणसं अंगणात येऊन थांबत. बांबूच्या कामट्या अशा वाकवायचा की तिला खांदे यायचे, कंबर यायची. वर्षातून तेवढा एक दिवस तो गावात मोठा माणूस असायचा.

यंदा तो कामट्या सोलत बसला होता तेव्हा आचल जवळ येऊन बसली. थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हिले चष्मा लावा ना."

कवडूला गंमत वाटली. त्यानं तार वाकवून चष्मा केला. मग आचलनं तणसाचा अंबाडा बांधून मागितला, तोही त्यानं बांधला. मग ती आईची जुनी निळी साडी घेऊन आली. साडी कशाला हवी हे तिनं आईला सांगितलं नव्हतं. साडी नेसवून झाल्यावर कवडूनं विचारलं, ही कोण होय म्हणून. आमची गणिताची मॅडम, असं आचल म्हणाली आणि बाप हसला. फवारून फवारून अंग आंबलं होतं, बरेच दिवसांनी हसायला काही मिळालं होतं. मॅडमचाच कशाला राग आला, हे काही त्यानं विचारलं नाही. उलट आपल्या मनानं त्यानं बांबूची एक चांगली लवलवती छडी काढली आणि नारबोदच्या हातात दिली.

पहाटे नारबोद निघाली तेव्हा प्रफुल आणि टिंकू या आचलच्याच वर्गातल्या पोरांनी ती उचलली. चष्मा पाहून माणसं हसू लागली, आणि एकदा हसू सुटल्यावर काय ओरडावं याला धरबंध राहत नाही. खोकला मागं पडला, ढेकूण मागं पडले. शेडगे मॅडमले घेऊन जा गे नारबोद, असं एका पोरानं म्हटलं आणि मग साऱ्या मिरवणुकीनं तेच धरलं. कवडू मागून चालत होता. यंदाची नारबोद तं बोलून राहिली, असं कोणीतरी त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणालं आणि तो खुलला. मिरवणूक धुरपताबाईच्या घरावरून गेली. तिच्याच घरात शेडगे मॅडम भाड्यानं राहत होत्या. बादली घेऊन त्या नळावर निघाल्या होत्या.

शेडगे मॅडम साताऱ्याकडच्या, माण तालुक्यातल्या. नोकरी लागली म्हणून एवढ्या लांब आलेल्या. नारबोद काय असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. इथं आल्यापासूनच्या दोन्ही पोळ्यांना त्या आपल्या गावी गेल्या होत्या. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की आपला चष्मा, आपला अंबाडा, आपल्यासारखीच साडी अंधुक उजेडात खांद्यांवरून चालली आहे, आपलं नाव घेऊन सारं गाव हसत आहे, आणि थोड्या वेळानं तिकडं शिवेवर आपल्यालाच पेटवत आहेत. बादली तिथंच ठेवून त्या आत गेल्या. त्यांना ताप भरला. ताप आल्याचं कळल्यावर गावात जे बोलायला नको तेच लोक बोलू लागले, की पाहा, लागली नारबोद.

शाळेचा निरोप आला तेव्हा कवडू बांधीत होता. आचलच धावत सांगत आली. बापाला घेऊन ये, आत्ताच, असं हेडमास्तरांनी म्हटलं होतं. त्यानं पंप उतरवला, कालव्यात हात धुतले. घरी जाऊन कपडे बदलावे असं त्याच्या मनात आलं, पण हेडमास्तरांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही म्हणून तो तसाच निघाला. शाळा कालव्यापलीकडं, एका संस्थेची, दहावीपर्यंतची. शिपायानं त्याचे गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले पाय पाहिले आणि आधी धुऊन या म्हटलं. पोरं पाणी पितात त्या नळावर कवडूनं पाय धुतले. वर्गांच्या खिडक्यांत डोकी जमली होती.

ऑफिसात हेडमास्तर बिसेन सर होते आणि बाजूच्या खुर्चीवर शेडगे मॅडम. तिसरी खुर्ची रिकामी होती, पण कवडूच्या अंगाला औषधाचा उग्र वास येत होता. हेडमास्तरांनी नाकाशी रुमाल धरला आणि त्याला खिडकीजवळ उभं राहायला सांगितलं. आचल दाराशी उभी राहिली.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते, पण त्यांना भीती फार. मॅडमनी तक्रार केली होती आणि ती वर जाऊ नये एवढीच त्यांची धडपड होती. एका बाईचा पुतळा करायचा, तिचं नाव घेऊन जाळायचा, ही काही पोरखेळाची गोष्ट नाही, असं ते म्हणाले. जादूटोण्याचा कायदा आहे. त्यात हे बसतं की नाही ते वकील पाहतील, पण पोलिसात गेलं तर ज्यानं बनवली त्याला आधी नेतील. प्रफुल आणि टिंकूला त्यांनी दम देऊन सोडलं होतं. त्यांनी नुसती उचलली, उचलणाऱ्याचा काय दोष. शिवाय प्रफुलचा बाप संस्थेच्या अध्यक्षांकडं उठणारा-बसणारा. नारबोद मात्र आचलच्या अंगणातून निघाली, हे साऱ्या गावानं पाहिलं होतं.

"आता मले सांगा," हेडमास्तर म्हणाले, "हे बनवली कोन?"

गाव जाणत होतं, हेडमास्तरही मनातून जाणत असतील. तरी तो शब्द आपल्या तोंडून निघाला की आपण गेलो, असं कवडूला वाटलं. पोलीस ठाण्याचा ओटा त्याच्या डोळ्यांपुढं आला. बांधीतला तुडतुडा आला. आपण नसलो तर पंप कोण उचलेल हे आलं. तो खाली फरशीकडं पाहत राहिला.

"मीनं बनवली," आचल दारातून म्हणाली.

"एकटीनं?"

"हो. एकटीनं."

हेडमास्तर कवडूकडं वळले. तुमचं घरी लक्ष कुठं असते, पोट्टी घरात बसून मास्तरणीचा पुतळा बनवते आणि बापाला पत्ता नाही, असं ते म्हणत होते. कवडूला पुढचं ऐकू आलं नाही. तो खिडकीपासून निघाला, दारापाशी गेला आणि त्यानं आचलच्या कानशिलात भडकावली. हात चांगला पंपाचा, कामाचा. पोरगी चौकटीवर आपटली. तिनं बापाकडं पाहिलं.

हेडमास्तर बरं वाटल्यासारखे मागं टेकले. आता मारून काय फायदा, वळण आधी लावावं लागते, असं त्यांनी म्हटलं खरं. पण बापानं आपलं काम केलं हे त्यांना पटलं होतं. मॅडम म्हणतील तेव्हाच हिला वर्गात घेऊ, नाही म्हणाल्या तर दाखला नेऊन दुसरीकडं नाव घाला, एवढं सांगून त्यांनी बोलणं संपवलं. शेडगे मॅडम सबंध वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या कवडूच्या हातांकडं पाहत होत्या.

दुसरीकडं म्हणजे तिरोड्याला. मधे जंगलातला रस्ता, बसचा नेम नाही. पिंपळटोल्याची एकही पोरगी त्या रस्त्यानं शाळेत गेलेली नव्हती. दाखला म्हणजे शाळा संपली, हे ऑफिसातल्या चौघांनाही माहीत होतं.

परतताना आचल पुढं चालत होती. घराकडं वळायचं तिथं ती वळली नाही. सरळ बांधीवर गेली, दप्तर धुऱ्यावरच्या, शेतकडेच्या पळसाला अडकवलं, बादली उचलली आणि कालव्याकडं चालू लागली. गालावर बोटं उमटलेली होती. कवडूनं पंप पाठीवर घेतला. संध्याकाळपर्यंत दोघांनी काम केलं.

देवकाबाईला निंदणातच कळलं. बायकांच्या टोळीत बातमी पोचायला वेळ लागत नाही. घरी आल्यावर तिनं भात वाढला आणि ताट त्याच्यापुढं सरकवून म्हणाली, "तुमीच बनवली अन् तुमीच मारलं?"

चूप राय, एवढंच कवडू म्हणाला. ती चूप राहिली, पण त्याच्याजवळ जेवायला बसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आचल आईबरोबर निंदणाला जाऊ लागली. घरी बसून काय करणार, असं कोणीच मोठ्यानं म्हटलं नाही, पण झालं तसंच. सकाळी साडीचा फडका कमरेला गुंडाळायचा, ओळीत उभं राहायचं आणि वाकायचं ते जेवणाच्या सुटीलाच सरळ व्हायचं. पाण्यात राहून तिच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, हाताची कातडी पांढरी पडून सुरकुतली. टोळीत रेणू होती, दोन घरं सोडून राहणारी. गेल्या वर्षी ती नववीत होती. धानाच्या पात्यानं हात कापू नये म्हणून बाही कशी बांधायची ते रेणूनं आचलला दाखवलं. टोळीची म्होरकी शकुंतलाबाई बायकांना शिव्या देण्यात पटाईत, पण आचलवर ती खूश झाली. पोट्टीचा हात चांगला आहे, दिवाळीच्या आधी कापणीलेबी आना, असं तिनं देवकाबाईला सांगितलं. हे कौतुक ऐकून देवकाबाई धुऱ्यावर जाऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही.

त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी आचल पाय धुऊन चिखल्यांना तेल लावत होती. देवकाबाई कवडूजवळ येऊन उभी राहिली.

"शकुंतलाबाईनं कापणीले बोलावली तिले."

"चार दिवसाची गोष्ट आहे," कवडू म्हणाला. "मॅडमचा राग उतरला का घेतील."

"रेणूबी चार दिवसासाठीच आलती, जी."

ती आत निघून गेली. कवडू ओट्यावर बसून राहिला. आचल पायाला तेल लावत होती, एक एक बोट फाकवून, निवांत, मोठ्या बाईसारखी. ती रागावली असती, फणकारली असती तर त्याला सोपं गेलं असतं. पण ती रागावलेली नव्हती. ती त्या कामात मुरत चालली होती, आणि तेच कवडूला पाहवेना.

रविवारी दुपारी तो धुरपताबाईच्या घरी गेला. मॅडम ओट्यावर सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. इकडच्या भातानं त्यांचं पोट भरत नसे. ज्वारी गोंदियाहून आणावी लागे आणि तिच्यात खडेच फार. कवडू खाली अंगणातच उभा राहिला. मॅडमनी बसा म्हटलं तरी बसला नाही.

"मॅडम, थे नारबोद मीनं बनवली," तो म्हणाला. घरून येताना बरंच काही जुळवलं होतं, पण पहिल्याच वाक्यात सगळं संपलं.

मॅडम ज्वारी निवडत राहिल्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "नववीतल्या मुलीला तसल्या कामट्या सोलता येत नाहीत. त्या दिवशी तुमच्या बोटांना चिरा होत्या. तुम्ही बोलाल म्हणून मी गप्प बसले होते. तर तुम्ही तिलाच मारलंत."

कवडूनं मग नारबोद म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला. ते कोणा माणसावर नसते, इडापिडेवर असते, पूर्वीपासूनची रीत आहे. रीत असेल, मॅडम म्हणाल्या, पण तिच्यात माझं नाव तुम्ही घातलंत. मी इथं एकटी राहते. एवढी माणसं हसत होती आणि त्यातल्या निम्म्यांना मी ओळखत होते. आईला फोनवर सांगितलं तर ती रडत बसली, नोकरी सोडून ये म्हणाली.

"अन् ती छडी," त्या पुढं म्हणाल्या. "मी कधी हातात छडी घेतली नाही हो."

"मालूम आहे जी," कवडू म्हणाला. "छडी मीनंच लावली. थे आमच्या वेळच्या मास्तरची होती."

मॅडमचा हात सुपात थांबला. पोरीनं हे का केलं ते विचारलंत का, असं त्यांनी विचारलं. कवडूनं नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनीच सांगितलं. रोवणी झाल्यावर आचल वर्गात आली, तेव्हा एवढे दिवस कुठं होतीस असं त्यांनी विचारलं होतं. रोवणीला, असं ती म्हणाली. मग तेच कर जन्मभर, असं त्या बोलून गेल्या आणि वर्ग हसला. बोलायला नको होतं. पण दर पावसाळ्यात वर्ग अर्धा रिकामा होतो, पोरं परत येतात तेव्हा त्यांना काही येत नाही, आणि रिकाम्या बाकांना शिकवून माणूस कंटाळतो. एवढं बोलून त्या परत ज्वारीकडं वळल्या.

कवडू ऐकत होता. रोवणीला तिला कोणी ठेवली, हे मॅडम म्हणाल्या नाहीत. म्हणायची गरज नव्हती. आपल्यासाठी पोरगी चिखलात उभी राहिली, त्यापायी वर्गात बोलणी खाल्ली, त्या बोलण्यापायी चष्मा मागितला, आणि शेवटी मारही तिनंच खाल्ला. सगळं फिरून फिरून एकाच माणसाशी येत होतं. तो ओट्याच्या कडेला टेकला.

मॅडमनी दोन गोष्टी मागितल्या. एक म्हणजे, मला सांगितलंत ते साऱ्या शाळेपुढं सांगा. तिला मार खाताना साऱ्या शाळेनं पाहिलं आहे. आणि दुसरी, शेतासाठी तिला परत घरी ठेवू नका. "ठेवणार असाल तर आत्ताच सांगा. मी सरांना म्हणते, दाखला देऊन टाका. उगाच तिला आशा लावू नका."

हो जी, कवडू म्हणाला. पहिल्या गोष्टीची त्याला एवढी धास्ती वाटत होती, की दुसरीला तो पटकन हो म्हणून मोकळा झाला.

सोमवारी तो धुतलेला सदरा घालून आचलबरोबर शाळेत गेला. प्रार्थना झाली. हेडमास्तरांना हे काही पसंत नव्हतं, झाकलेलं उघडं करायची त्यांना हौस नव्हती. पण मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी त्याला पायरीवर उभं केलं. समोर पोरांच्या रांगा. एवढ्या डोळ्यांपुढं कवडू जन्मात कधी उभा राहिला नव्हता. नारबोद मीनं बनवली, असं तो म्हणाला. मागं ऐकू गेलं नाही म्हणून त्याला परत म्हणायला लावलं. नारबोद मीनं बनवली. पोट्टीचा काही दोष नाही. चष्माबी मीनं केला, अंबाडाबी मीनं बांधला, छडीबी मीनंच दिली. मॅडम, माफ करा जी. कुठल्याशा रांगेतून हसण्याचा आवाज आला आणि मास्तरांनी दटावल्यावर बंद झाला.

"चष्मा मीनं मागतला होता," आचल म्हणाली.

ती पायरीखाली उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. कवडूनं तिला हातानं गप्प राहण्याची खूण केली. तिनं ती पाहिली आणि पुन्हा तेच म्हटलं. चष्मा मीनं मागतला होता, माफ करा मॅडम.

मॅडमनी आपला चष्मा वर सरकवला. "रांगेत जा," त्या म्हणाल्या. आचल रांगेत गेली आणि पोरं वर्गाकडं वळली. कवडू पायरीवर एकटा उरला. शिपाई झाडायला आला तेव्हा तो खाली उतरला.

संध्याकाळी आचल बांधीवर आली. कवडू धुऱ्यावर बसून पंपाच्या नळीत अडकलेला कचरा काडीनं काढत होता. ती जवळ बसली आणि चिखलाकडं पाहत तिनं विचारलं, "थापड काऊन मारली, बाबा?"

तो नळी साफ करत राहिला. खोटं सांगावं असं एक वेळ मनात आलं, मग त्याचाही कंटाळा आला. "भेलो," तो म्हणाला. "पोलीस मले नेतील असं वाटलं."

"मलेबी तसंच वाटलं," आचल म्हणाली. "म्हनूनच तं सांगतलं, मीनं बनवली म्हनून."

कवडूच्या हातातली काडी मोडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि हाताला औषध लागलं आहे हे पाहून परत घेतला. आचल उठून घरी गेली.

तुडतुड्याला या कशाचंच काही नव्हतं. त्या आठवड्यात उकाडा वाढला आणि बांधीत गोल चट्टे पडले, मधोमध धान करपून बसलेला. वरची बांधी फवारून झाली होती, कालव्याकडची मोठी बांधी राहिली होती. ती दोन दिवसांत फवारली नाही तर हातची जाणार. देवकाबाईची कंबर धरली होती. तिला खाटेवरून उठता येत नव्हतं. कवडूनं सकाळी आणखी कोणाला बोलावता येईल म्हणून गावात चक्कर मारली. सगळ्यांच्या बांधीत तुडतुडा होता, सगळ्यांना पाणी वाहायला माणूस हवं होतं.

तो परत आला तेव्हा आचल दप्तर घेऊन अंगणात उभी होती. तिनं दारातून आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं आणि दप्तर खांद्यावरून खाली घेतलं.

"आज राहू का, बाबा? दोन दिवसाची तं गोष्ट आहे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता की कुरकुर नव्हती. मनापासून विचारत होती. कवडूला हो म्हणायचं होतं. धान डोळ्यांपुढं दिसत होता, वर्षाचा भात होता, आणि पोरगी स्वतःच म्हणत होती. दोन दिवसांनी कोणाचं काय जाणार होतं. मॅडमलाही समजावून सांगता आलं असतं. आत देवकाबाई ऐकत आहे हे कवडूला कळत होतं.

"नोको," तो म्हणाला. "जा तू. उशीर होऊन राहिला."

आचल जराशी थांबली. बाप आपलं बोलणं फिरवतो की काय, हे पाहत असावी. तो पंपाचे पट्टे ओढत राहिला. मग ती गेली.

पंप भरायचा, बांधीत उतरायचं, रिकामा झाला की चिखलातून वर यायचं, पंप ठेवून बादल्या घेऊन कालव्यावर जायचं, असं त्यानं सुरू केलं. अर्धा वेळ पाण्यातच जात होता. उन्हं वर आली तेव्हा मोठ्या बांधीचा जेमतेम कोपरा झाला होता. पलीकडच्या कडेला नवे चट्टे दिसत होते आणि तिथवर आपण वेळेत पोचत नाही हे त्याला कळून चुकलं होतं. अर्धी बांधी गेली म्हणून समजायची. खांद्याची कातडी सोलवटली होती, तिच्यावर औषध उतरून आग होत होती.

शकुंतलाबाईची टोळी धुऱ्यावरून दुसऱ्या शेतात निंदणाला चालली होती. शकुंतलाबाई त्याला कालव्यावरून बादल्या घेऊन येताना पाहून थांबली.

"काय गा कवडू, पोट्टी कुठं गेली?"

"शाळेत."

"एवढा धान जळून राहिला, अन् शाळेत? मंग पानी कोन आनते?"

"मीच आनतो," कवडू म्हणाला आणि बादल्या पंपात ओतू लागला.